जैन, शाकाहारी, मांसाहारी एकाच गच्चीवर: बार्बेक्यूचा बेत कसा आखावा

दरवर्षी थंडी पडली की गच्चीवर शेगड्या पेटतात आणि दरवर्षी कुणीतरी काकडीचे चार काप खाऊन घरी जातं. माझ्या गच्चीवरही हे घडलंय. पनीरच्या सळ्या वेगळ्या होत्या, मसालाही वेगळा होता, पण चिकनवर बटर फिरवलेला ब्रश तसाच पनीरवर फिरला. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं, "माझं झालं गं" म्हणत ताटली बाजूला ठेवली आणि पाणी पिऊन बसून राहिल्या. दीड किलो पनीर समोर होतं, पण त्यांना खाता येईल असा त्यातला एक तुकडाही उरला नव्हता.

तेव्हापासून मी बेत उलट्या बाजूने आखते. आधी सर्वांत कडक पथ्य असलेला पाहुणा, मग त्याच्याहून मोकळा, आणि सगळं खाणारे सर्वांत शेवटी. खरेदी, मसाला, भाजणं, वाढणं, सगळीकडे हाच क्रम. खाली डिसेंबरातली पुण्याची गच्ची आणि १८ माणसं धरून एकेक टप्पा लिहिला आहे. आकडे तुमच्या माणसांप्रमाणे कमीजास्त करा, क्रम मात्र बदलू नका.

टप्पा १: पदार्थांच्या आधी तारीख

कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. संकष्टी, एकादशी असेल तर निम्म्या घरांत उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे वेगळेच. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा बहुतेकदा मार्गशीर्ष असतो आणि अनेक घरांत तो महिनाभर मांसाहार बंद असतो. बेत ठरल्यावर चार जणांनी "अगं, मार्गशीर्ष आहे ना" म्हटलं की आणलेलं चिकन फ्रीजमध्ये पडून राहतं. शक्यतो रविवार धरा आणि तिथी मोकळी आहे का ते पाहून मगच निरोप पाठवा.

तारीख बदलताच येत नसेल आणि कुणाचा उपवास असेल, तर निखाऱ्यात भाजलेली रताळी आणि उपवासाचं मीठ-तिखट वेगळं ठेवा. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, त्यामुळे त्या पाहुण्याचं जेवण शेवटी येईल हे आधीच लक्षात असू द्या.

गच्ची सोसायटीची असेल तर परवानगीही आत्ताच घ्या.

टप्पा २: पाहुण्यांना नेमकं काय विचारायचं

"व्हेज की नॉनव्हेज?" एवढ्या प्रश्नाने काहीच कळत नाही. व्हेज म्हणणारा अंडं खात असेल किंवा अंड्याचं मेयोनीजही त्याला चालत नसेल. नॉनव्हेज म्हणणारी मैत्रीण फक्त मासे खात असेल. बहुतेक बेत इथेच फसतात, म्हणून हे प्रश्न एकेकाला वेगळे विचारा:

- कांदा-लसूण चालतो का? आलं, बटाटा, मशरूम?
- सूर्यास्ताच्या आत जेवायचं आहे का?
- अंडं चालतं का? केकमधलं, मेयोनीजमधलं?
- मांसाहारात काय वर्ज्य आहे? हलालच लागतं का?
- एकाच शेगडीवर मांसाहार भाजलेला असेल तर चालेल का?
- दूध, गहू, शेंगदाणा, काजू, कोळंबी यांपैकी कशाचा त्रास होतो?

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. काही शाकाहारी लोकांना जाळी घासून घेतली की चालते, काहींना शेगडीच वेगळी लागते. यावरून तुम्हाला एक शेगडी पुरेल की दोन लागतील ते ठरतं.

विचारताना तुमची तयारी सांगा, म्हणजे समोरच्याला संकोच वाटत नाही. मी असा निरोप पाठवते: "काकू, रविवारी संध्याकाळी गच्चीवर शेगडी लावतोय. तुमच्यासाठी शेगडी, सळ्या, ब्रश सगळं वेगळं ठेवणार आहे. आलं आणि हळद चालते ना? सूर्यास्ताआधी उरकायचं असेल तर पाच वाजता तुमचं ताट तयार ठेवते." नुसतं "तुम्हाला काय चालतं?" विचारलं तर वडीलधारी माणसं "काहीही चालेल गं" म्हणतात. त्यावर विसंबू नका, त्यांच्या सुनेला किंवा मुलीला विचारा.

जैन पाहुण्यांच्या बाबतीत नेहमी चुकणाऱ्या तीन गोष्टी. एक, आलं हाही कंद आहे. नुसता कांदा-लसूण काढून भागत नाही, आणि बटाटा, गाजर, बीट, मुळा तर नाहीतच. दोन, पथ्य पाळणाऱ्या अनेक घरांत कच्चं दही आणि डाळीचं पीठ एकत्र चालत नाही. टिक्क्याच्या मसाल्यात आपण दह्यात बेसन घालतो, तेच नेमकं अडतं. तीन, मध आणि मशरूम बहुतेकांना चालत नाही. घरोघरी नियम थोडे वेगळे असतात, म्हणून अंदाज न बांधता विचारून घ्या.

*तपासा:* कागदावर प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे "काय नाही" एवढंच लिहिलेलं असावं. हा कागद भाजणाऱ्या माणसाच्या हाताशी चिकटवायचा आहे.

टप्पा ३: यादीवरून पदार्थ आणि प्रमाण

समजा, १८ जण असे आहेत: २ जैन (त्यातल्या एक सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या), ५ शाकाहारी (त्यातला एक दूधही न घेणारा), ८ मांसाहारी (एक फक्त हलाल, एक फक्त मासे) आणि ३ मुलं. मुलांपैकी दोघं चिकन खातात, तिसरा शाकाहारी आहे आणि त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

इथे मोह होतो तो प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करण्याचा. तसं केलं की दहा पदार्थ होतात आणि एकही वेळेवर येत नाही. त्याऐवजी निम्म्याहून जास्त पदार्थ सगळ्यांना चालतील असे ठरवा:

सगळ्यांसाठी: पनीर, ढोबळी मिरची आणि अननसाची सळी. कच्च्या केळ्याची टिक्की (बटाट्याऐवजी, फक्त तेलात). लिंबू, काळं मीठ आणि तिखट लावलेलं कणीस. दूध न घेणाऱ्याचं पोट टिक्की, कणीस आणि पुढच्या ओळीतल्या बटाट्यांवर भरलं पाहिजे, म्हणून या तिन्हींना भाजताना बटर लावायचं नाही. ज्याला हवं तो ताटात घेईल.

शाकाहारींसाठी जास्तीचं: अर्धवट उकडलेले लहान बटाटे आणि मशरूम.

मांसाहारींसाठी: चिकन टिक्का आणि रेशाद मसाला (लाल मिरची आणि व्हिनेगरचा गोव्याचा मसाला) भरलेला बांगडा.

सोबत पाव, ज्वारीची भाकरी (गहू न चालणाऱ्यालाही चालते), लसूण नसलेली हिरवी चटणी, आणि दाण्याचं कूट न घातलेली काकडीची कोशिंबीर. कूट घालायची आपल्याला इतकी सवय असते की हात आपोआप डब्याकडे जातो. त्या दिवशी कुटाचा डबा आणि शेंगदाणा तेल दोन्ही कपाटात ठेवून द्या. सगळा स्वयंपाक सूर्यफुलाच्या किंवा मोहरीच्या तेलात करा.

मटणाच्या बोट्या मी मिश्र मंडळींसाठी करत नाही. पपई लावूनही त्या कोळशावर कधी शिजतात, कधी चिवट राहतात, आणि शेगडी बराच वेळ अडवतात. मटण हवंच असेल तर खिम्याच्या सीख करा.

आता प्रमाण. सर्वांत मोठी चूक अशी की ८ शाकाहारी आहेत म्हणून ८ जणांचं पनीर आणलं जातं. पनीर मांसाहारीही खातात, आणि शेगडीवर ते आधी तयार होत असल्याने सगळ्यांत आधी खातात. शाकाहारी पदार्थ सगळ्या १८ जणांना धरून मोजा, मांसाहारी फक्त खाणाऱ्यांना धरून.

- पनीर: ८ शाकाहारी × १२५ ग्रॅम, अधिक १० मांसाहारी × ५० ग्रॅम = दीड किलो.
- चिकन (हाड नसलेलं, मांडीचं): मासेवाला सोडून ९ जण × १५० ग्रॅम, म्हणजे १,३५० ग्रॅम. दीड किलो आणा.
- बांगडे: ६ ते ८.
- कणसं: १०, अर्धी करून.

*तपासा:* यादीतल्या प्रत्येक नावापुढे किमान तीन पदार्थांवर खूण करता येते का? कुणाच्या वाट्याला एकच पदार्थ येत असेल तर बेत पुन्हा बघा.

टप्पा ४: खरेदी करताना पाकिटं वाचा

भाजी-चिकनात सहसा कुणी चुकत नाही, बाटल्यांमध्ये चुकतं. वूस्टरशायर सॉसमध्ये मूळ कृतीप्रमाणे अँकोव्ही नावाचे मासे असतात, त्यामुळे हिरवा ठिपका बघूनच घ्या. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. बांधणीच्या हिंगातही पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, म्हणून गहू न चालणारा पाहुणा असेल तर हिंगाच्या डबीमागचा मजकूर वाचा. मुलांसाठी मार्शमेलो आणत असाल तर नेहमीच्या मार्शमेलोत प्राणिज जिलेटिन असतं. शाकाहारी मिळाले तर घ्या, नाहीतर गूळ लावून भाजलेलं अननस मुलं आवडीने खातात.

चिकन हलाल लागणाऱ्या पाहुण्यालाच विचारा की तुम्ही कुठून घेता, आणि सगळं चिकन तिथूनच आणा. दोन प्रकारचं चिकन एका शेगडीवर सांभाळत बसू नका. मसाल्यात बिअर किंवा वाईन घालू नका, आणि गोव्याहून आलेली चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) कितीही चांगली असली तरी या दिवशी शेगडीवर नको.

टप्पा ५: मसाला एक, वाटे तीन

या टप्प्यावर घाई करू नका. पुढची सगळी संध्याकाळ इथे ठरते.

२ किलो दही फडक्यात बांधून टांगलं की साधारण ९०० ग्रॅम चक्का मिळतो. आदल्या दिवशीचं न चालणारे पाहुणे असतील तर त्यांच्या वाट्याचं दही सकाळी ताजं घेऊन वेगळं टांगा, दोन-तीन तास पुरतात. मसाल्यात मोठे ४ चमचे काश्मिरी मिरचीपूड, ३ चमचे धनेपूड, लहान २ चमचे हळद, २ चमचे चुरडलेला ओवा, मूठभर कसुरी मेथी आणि काळं मीठ. हा कोरडा मसाला आधी एकत्र करा आणि अर्धी वाटी तेल कोमट करून त्यावर ओता. मिरचीपूड तेलात फुलली की रंग धरते, नाहीतर भाजल्यावर कच्चट लागते.

आता वाटे करा. आधी वाटे, मग बाकीचं घालणं.

पहिला वाटा: १५० ग्रॅम चक्का आणि त्या मानाने मसाला. यात आलं नाही, लसूण नाही, बेसन नाही. दाटपणासाठी चमचाभर तांदळाचं पीठ. हा डबा झाकण लावून ताबडतोब फ्रीजच्या सर्वांत वरच्या कप्प्यात.

दुसरा वाटा: ४०० ग्रॅम चक्का. यात आलं-लसूण आणि ३ चमचे खमंग भाजलेलं बेसन. पनीर आणि मशरूमसाठी.

तिसरा वाटा: उरलेला चक्का, आलं-लसूण जरा सढळ हाताने. चिकनसाठी.

चमचा पुढच्या वाट्यात जाईल, मागच्या वाट्यात परत येणार नाही. चिकनला हात लागला की त्या हाताने दुसऱ्या कशालाच हात लावायचा नाही.

मुरवण्याच्या वेळा सगळ्यांना सारख्या नसतात. चिकनला आधी मीठ, लिंबू आणि आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा, मग दह्याचा मसाला लावून ४ ते ६ तास फ्रीजमध्ये. पनीर कोमट मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून काढा, मऊ राहतं. मग मसाल्यात एक तास पुरे. मशरूम आणि ढोबळी मिरचीला मीठ शेवटच्या १५ मिनिटांत लावा. आधी लावलं तर पाणी सुटतं, मसाला खाली ओघळतो आणि सळीवर नुसत्या फोडी राहतात. बांगड्याला चिरा पाडून रेशाद भरल्यावर अर्धा-पाऊण तास ठेवा. त्यात व्हिनेगर असतं, जास्त वेळ ठेवलं तर मासा पिठूळ होतो.

टप्पा ६: भांड्यांची वाटणी

दोन शेगड्या, दोन चिमटे, दोन ब्रश, दोन परात, दोन सुऱ्या. शाकाहारी बाजूच्या प्रत्येक वस्तूच्या मुठीला हिरवी फीत बांधा. गर्दीत "हा कुठला चिमटा?" असा प्रश्न पडताच कामा नये. शाकाहारी शेगडी वारा येतो त्या बाजूला ठेवा, नाहीतर चिकनच्या चरबीचा धूर थेट पनीरवर येतो.

शेगडी एकच असेल आणि पाहुण्यांना ते चालणार असेल, तर जाळी घासून, तापवून आधी सगळं शाकाहारी भाजून घ्या. चिकन एकदा जाळीवर गेलं की शाकाहारी परत नाही. उशिरा येणाऱ्यांचं पनीरही तेव्हाच भाजून झाकून ठेवा.

बांबूच्या काड्या वापरत असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा.

टप्पा ७: कोळसा

लाकडी कोळसाच घ्या. दोन शेगड्यांना तीन तासांसाठी ५ ते ६ किलो लागतो. पेटवायला तेलात बुडवलेले कापसाचे बोळे किंवा गोवरीचे तुकडे वापरा. रॉकेल आणि पेट्रोल नको: वास अन्नाला लागतो आणि भडका उडून माणसं भाजतात.

पेटवल्यापासून कोळसा तयार व्हायला २५ ते ३० मिनिटं लागतात. ज्वाळा दिसतायत तोवर काहीही ठेवू नका. निखाऱ्यांवर करड्या राखेचा पातळ थर आला की जाळीपासून वीतभर वर तळहात धरा. तीन-चार सेकंदांत हात काढावासा वाटला तर आच पनीरला योग्य आहे. सहा-सात सेकंद धरवला तर कणीस आणि बटाट्याला. शेगडीत निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पसरा, म्हणजे करपायला लागलेली सळी सरकवायला जागा राहते.

*सावधान:* बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत शेगडी पेटवू नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. शेजारी पाण्याची बादली आणि वाळू भरलेलं घमेलं ठेवा.

टप्पा ८: भाजण्याचा क्रम

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यावरून घड्याळ असं लावा:

४:१५ – हिरव्या फितीची शेगडी पेटवा.

४:४५ – जैन पाहुण्यांच्या सळ्या, टिक्की, कणीस. शेगडी आणि जाळी यावेळी पूर्ण स्वच्छ असते, म्हणून वेळ आणि शुद्धता दोन्ही एकदम साधतात. पावणेसहाच्या आत त्यांचं जेवण शांतपणे पूर्ण झालं पाहिजे. त्यांना एकटं बसवू नका, घरातलं एक माणूस त्यांच्याबरोबर ताट घेऊन बसू द्या.

५:४५ – दुसरी शेगडी पेटवा. पहिलीवर निखारे भरून बटाटे आणि उरलेली कणसं सुरू करा. ती कमी आचेवर १५ मिनिटं घेतात.

६:१५ – पनीर आणि मशरूम. पनीर ६ ते ८ मिनिटांत होतं. कडांवर काळे ठिपके आले की उतरवा, आणखी ठेवलं तर रबरासारखं होतं. सगळं पनीर एकदम लावू नका. ६० सेंटिमीटरच्या शेगडीवर आठ-दहा सळ्याच नीट बसतात, आणि शाकाहारींचं पोट भरेपर्यंत चार सळ्या मागे राखून ठेवा.

६:३० – दुसऱ्या शेगडीवर चिकन, १२ ते १५ मिनिटं, मधे दोनदा फिरवून. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. नसेल तर जाड तुकडा कापून बघा: आत गुलाबी नसावं आणि पाणी स्वच्छ निघावं. वरून करपलेलं आणि आतून कच्चं निघालं तर आच जास्त होती, कमी निखाऱ्यांच्या बाजूला सरकवा. मुलांची कमी तिखट सळी आधी काढा, मुलांना वाट बघवत नाही.

७:०० – बांगडे, जाळीला तेल चोळून, एका बाजूने ४ ते ५ मिनिटं. कातडी जाळीपासून आपोआप सुटेपर्यंत उलटू नका. मासा शेवटी, कारण त्याचा वास जाळीला धरून राहतो. फक्त मासे खाणाऱ्या पाहुण्याचा बांगडा चिकन लागायच्या आधी, ६:२० च्या सुमारास दुसऱ्या शेगडीच्या कोपऱ्यात लावला तरी चालेल. त्यासाठी दुहेरी जाळीची पकड वापरा.

कच्च्या चिकनच्या परातीत शिजलेलं चिकन काढू नका. तळाला उरलेला मसाला चटणी म्हणून वाढू नका. ब्रशने तो लावायचा असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत नको, तो शिजायला वेळ मिळाला पाहिजे.

टप्पा ९: वाढणं आणि आवरणं

शाकाहारी टेबल शाकाहारी शेगडीजवळ, मांसाहारी त्याच्या शेगडीजवळ. चटण्या दोन्हीकडे वेगळ्या वाट्यांत, वेगळ्या चमच्यांनी. लसणाची चटणी हवी असेल तर ती मांसाहारी टेबलावर. प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी लावा: "कांदा-लसूण नाही", "दूध नाही", "दही आहे".

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेलं चिकन सोडवून डब्यात, डबा फ्रीजमध्ये.

निखारे वरून विझलेले दिसले तरी आत कित्येक तास धगधगत असतात. त्यांच्यावर वाळू ओता किंवा थोडं थोडं पाणी शिंपडा. एकदम बादली ओतली तर वाफेने हात भाजतो. रात्री राख प्लास्टिकच्या कचराकुंडीत टाकू नका. सकाळी काठीने उकरून, आतपर्यंत गार झाल्याची खात्री करून मगच भरा. अर्धवट जळालेले कोळसे उन्हात वाळवून पिशवीत ठेवा, पुढच्या वेळी ते लवकर पेटतात.